पूर ओसरल्यावर काय करायचं: घर, मदतकार्य आणि पुढच्या वेळची तयारी

पाणी उतरायला लागलं की सगळ्यांना एकच घाई सुटते, कधी एकदा घरात जातोय. आणि लांबच्या माणसांना दुसरी घाई, कधी एकदा गाडी भरून सामान पाठवतोय. दोन्ही साहजिक आहे पण दोन्हीतून घोळ होतात. शॉक लागणं, भिंत अंगावर येणं, चिखलातला पत्रा पायात घुसणं, हे सगळं पाणी गेल्यावरच्या घाईत होतं आणि नको त्या सामानाचा ढीग साठतो तोही त्याच घाईत. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात नवीन असं फार काही नाही, फक्त आधी काय आणि मग काय एवढं नीट लावलंय, कारण त्या दिवसांत डोकं चालत नाही आणि कुणीतरी क्रम सांगितलेला असला की बरं पडतं.

घरात पाय ठेवायच्या आधी

प्रशासनाने परत जायला हरकत नाही असं सांगितल्यावरच जा, दिवसाउजेडी जा, एकट्याने जाऊ नका आणि लहान मुलांना पहिल्या दिवशी तरी नेऊ नका. वाटेत कुठे पाणी वाहत असेल तर तिथेच थांबा. वाहतं पाणी फक्त १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं, ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते आणि ६० सेंटीमीटर असेल तर बहुतेक गाड्या वाहून जातात. "आपली गाडी उंच आहे, काही होत नाही" म्हणणारा एकतरी असतोच, त्याची चावी काढून घ्या. शिवाय पाण्याखालचा रस्ता जागेवर आहे की खचलाय हे वरून कळत नाही.

घराला आधी बाहेरून एक पूर्ण चक्कर मारा. दार फुगून अडकलं असेल तर ते नेहमीचंच, पण चौकटच तिरकी झाली असेल, भिंतीला नवीन तिरक्या भेगा दिसत असतील, पायाखालची माती वाहून गेली असेल, छप्पर एका बाजूला बसलं असेल तर आत जायचं नाही, जाणकार माणसाला दाखवल्याशिवाय अजिबात नाही.

मग वीज. मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच तो बंद करा. पाण्यात किंवा ओल्या चिखलात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, वीज कंपनीच्या माणसाला सांगून बाहेरूनच सप्लाय तोडायला लावायचा. गल्लीत लाइट नाहीत म्हणजे तारांत करंट नाही असं समजू नका, शेजारच्या कुणीतरी जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर करंट उलटा येतो, आणि तुमचा स्वतःचा इन्व्हर्टर, सोलर वगैरे असेल तर ते वेगळं बंद करावं लागतं, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. हातातली बॅटरी (टॉर्च) बाहेरच चालू करा आणि मग आत जा, कारण गॅस साठलेला असेल तर आत जाऊन बटण दाबणंसुद्धा धोक्याचं. गॅसचा वास आला की काडी नाही, स्विच नाही, मागे फिरायचं आणि बाहेर जाऊन कळवायचं. पाण्यात तरंगलेला सिलिंडर आणि भिजलेला रेग्युलेटर तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

जनरेटर घरात, व्हरांड्यात, जिन्याखाली कुठेही लावू नका, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब पाहिजे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेली माणसं झोपेतच जातात. पेटवलेल्या कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवली तरी हेच होतं.

तळघरात पाणी भरलं असेल तर पंप लावून एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असते, आतलं पाणी अचानक गेलं की बाहेरचा दाब भिंतीवर येतो आणि भिंत आत कोसळते. रोज साधारण एक तृतीयांश काढा, पातळीवर खूण करा, सकाळी बघा. रात्रीत पाणी खुणेच्या वर आलं असेल तर अजून थांबायचंय. आणि गाडी पाण्यात बुडाली होती तर "बघू चालू होते का" करू नका, इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की दुरुस्तीवर भागणारं काम इंजिन बदलण्यावर जातं. बॅटरी काढा आणि टोइंग करून न्या.

पहिलं घमेलं उचलायच्या आधी फोटो

हे जरा सविस्तर सांगतो कारण इथे बरीच माणसं पैसे गमावतात. गाळ काढायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, दारातून आत जात, न थांबता. भिंतीवर पाणी कुठपर्यंत होतं त्याची जी मळकट रेघ उमटते तिच्या शेजारी मोजपट्टी किंवा टेप धरून फोटो घ्या. फ्रीज, मशीन, पंप यांच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, चिखल पुसून त्याचा क्लोजअप घ्या. पाहणीला येणारा माणूस दोन दिवसांनी येईल नाहीतर दहा, तोपर्यंत तुम्ही कुजलेली गादी घरात ठेवणार नाही हे त्यालाही माहीत असतं, पण फोटोच नसेल तर तोही काही करू शकत नाही. फेकायचं सामान एका बाजूला रचून त्याचाही फोटो, आणि सफाईवर, पंपावर, मजुरीवर जो खर्च होईल त्याच्या पावत्या एका पिशवीत. विमा असेल तर त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर घ्या.

गाळ, ब्लीच आणि बुरशी

गाळ ओला असेपर्यंतच निघतो, वाळला की कुदळ लागते, त्यामुळे सुरक्षेचं बघून झालं की पहिलं काम हेच. पण त्याच्याही आधी घराबाहेरची गटारं मोकळी करा, नाहीतर तुम्ही धुतलेलं पाणी फिरून परत दारातच येणार. गमबूट, जाड हातमोजे, तोंडाला मास्क. ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, पुरात साप आणि विंचू पण कोरडी जागा शोधत असतात आणि त्यांना कपाटामागची जागा आवडते.

क्रम असा ठेवा की आतून बाहेर आणि वरून खाली. फावड्याने जाड थर, मग खराट्याने, मग पाणी मारून, मग साबण. आणि ब्लीच सगळ्यात शेवटी. लोक काय करतात, चिखलावरच ब्लीचिंग पावडर फेकतात, पांढरं दिसलं की समाधान वाटतं, पण क्लोरीन त्या घाणीशीच झटापट करण्यात संपून जातं आणि जंतू तसेच राहतात. आधी साबणाने स्वच्छ, नंतर ब्लीचचं पाणी, साधारण १९ लिटरला १ कप म्हणजे २४० मिली घरगुती ब्लीच हे फरशी, भिंती अशा पृष्ठभागांना पुरतं. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियावालं कुठलंही लिक्विड एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो.

ठेवायचं काय आणि टाकायचं काय यावरून घरात भांडणं होतात. स्टील, काच, चिनी माती धुऊन उकळून वापरता येते. लाकडी पळ्या, चरे पडलेलं प्लास्टिक, बाळाच्या बाटलीची निपलं, पुराचं पाणी लागलेली औषधं, उघडं किंवा भिजलेलं अन्न, गाद्या-उशा हे सगळं जाऊ द्या. फ्रीज पाण्यापासून वाचला पण वीज ४ तासांहून जास्त गेली असेल तर त्यातलं दूध, शिजवलेलं, मांस-मासे ठेवू नका. वास बघून ठरवू नका, बिघडलेल्या प्रत्येक अन्नाला वास येतोच असं नाही.

ओल २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते, त्यामुळे खिडक्या उघड्या, फर्निचर भिंतीपासून लांब, कपाटांची दारं सताड उघडी. पंखे लावायचे तर इलेक्ट्रिशियनने वायरिंग बघितल्यावर. पाण्यात गेलेले सॉकेट बाहेरून कोरडे दिसले तरी आत गाळ असतो, खोलून दाखवायला सांगा. दम्याच्या माणसाला या सफाईपासून लांब ठेवा. आणि रंग लावायची घाई कृपा करून करू नका, भिंत आतून वाळायला महिने लागू शकतात. बघायचं असेल तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दुसऱ्या दिवशी मागे थेंब दिसले तर भिंत अजून ओलीच आहे.

कागदपत्रं भिजली असतील तर पानं ओढून वेगळी करू नका, फाटतात. वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा, कुणाकडे चालू फ्रीझर असेल त्याच्याकडे, गोठलेले कागद नंतर सावकाश वाळवता येतात. फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका, स्वच्छ थंड पाण्यातून काढून चित्राची बाजू वर करून पसरा. ऊन किंवा ड्रायर नको.

पाणी आणि तब्येत

प्यायचं पाणी खळखळून उकळलं की पुढे १ मिनिट उकळू द्या, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. इंधन नसेल तर वास नसलेलं साधं ५-६ टक्क्यांचं ब्लीच, एका लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं, पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून थेंब दुप्पट. मात्र पाण्याला पेट्रोल, डिझेल, कीटकनाशकाचा वास येत असेल तर उकळून किंवा क्लोरीन टाकून ते जात नाही, ते पाणी सोडून द्या. विहीर किंवा बोअर बुडाली असेल तर उपसा, क्लोरीन आणि तपासणी झाल्याशिवाय पिऊ नका.

जुलाब सुरू झाले की ओआरएस. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे लहान चहाचा. माप चुकवून मीठ जास्त घालू नका, लहान मुलांना ते उलट बाधतं. रक्त पडतंय, मूल सुस्त झालंय, लघवी होत नाही अशा वेळी घरगुती उपाय बंद आणि दवाखाना.

पुरानंतरचा ताप अंगावर काढू नका. लेप्टोस्पायरोसिस म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा आजार, त्याची लक्षणं बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, तोपर्यंत आपण चिखलात उतरलो होतो हे माणूस विसरलेला असतो. ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल, असं काही असेल तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. जखमेवर पट्टी आणि वरून प्लास्टिक लावल्याशिवाय पाण्यात जाऊ नका, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. पूर गेल्यावर साचलेल्या डबक्यात डास होतात, डबे, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी उलट्या करा.

मदत करायचीय? आधी विचारा

आता मदत करणाऱ्यांसाठी, आणि इथे मी थोडा चिडून लिहितोय. जुने कपडे पाठवू नका. मागितले नसतील तर नकोच. एकेक पोतं उघडलं की वर दोन बरे शर्ट, खाली बटणं तुटलेल्या पॅन्टी, एकच पायातला बूट, पार्टीत घालायचा चमकी लावलेला ड्रेस, आणि पाऊस लागून सगळ्याला कुबट वास. ते निवडायला दहा-बारा माणसं बसतात जी त्या वेळात कुणाच्यातरी घरातला गाळ काढत असती, आणि शेवटी पूरग्रस्त गावालाच तुमचा कचरा उचलावा लागतो. कपडे द्यायचेच तर नवीन अंतर्वस्त्रं द्या, ती कुणी देत नाही आणि ती सगळ्यांना लागतात.

गरज दिवसागणिक बदलते हे लक्षात ठेवलं तरी अर्ध काम होतं. पहिले दोन-तीन दिवस शिजवलेलं जेवण, पिण्याचं पाणी, कोरडी जागा, औषधं, फोन चार्ज करायची सोय. मग लोक घराकडे जायला लागले की खराटे, फावडी, घमेली, हातमोजे, गमबूट, साबण, ब्लीच, बादल्या, मच्छरदाण्या आणि मुख्य म्हणजे हात. त्यानंतर भांडी, शेगडी, अंथरूण-पांघरूण, वह्या-पुस्तकं, कामाची अवजारं. शिंप्याचं मशीन, सुताराची हत्यारं गेली असतील तर महिनाभराच्या शिध्यापेक्षा ती परत मिळणं त्याला जास्त मोलाचं. जवळचा बाजार चालू झाला की सामानापेक्षा पैसे द्या, ज्याचं त्याला कळतं काय घ्यायचं आणि तिथल्या दुकानदाराचं पण चालतं, तो पण बुडालेलाच असतो. सगळी गर्दी पहिल्या टप्प्यात होते आणि तिसऱ्या टप्प्याला कुणी नसतं, तेव्हा जमलेल्यातला निम्मा निधी मुद्दाम मागे ठेवा, शिव्या पडल्या तरी चालेल.

व्हॉट्सअॅपवर मागणीचा मेसेज टाकताना तारीख, वेळ, ठिकाण, नेमकं काय आणि किती, आणि जो माणूस तिथे उभा आहे त्याचा नंबर त्याला विचारून. गरज भागली की त्याच ग्रुपवर "भागली, आता नको" हा मेसेज टाका. तारीख नसलेला मेसेज महिनाभर फिरत राहतो आणि चार ट्रक भरून पाणी अशा ठिकाणी येतं जिथे नळ कधीच चालू झालेत.

जागेवर एक वही ठेवा, साधी रेघांची. कुटुंबातली माणसं किती, त्यात बाळ, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं कुणी, रोजची औषधं किंवा डायलिसिस लागणारं कुणी, काय हवंय, काय दिलं, कधी दिलं. ही वही नसेल तर मुख्य रस्त्यावरच्या घरांना चारचार वेळा किट मिळतं आणि आतल्या गल्लीतली, भाड्याने राहणारी, बाहेरून कामाला आलेली, कागदपत्रं वाहून गेलेली माणसं तशीच राहतात. म्हणून वाटप टेम्पोच्या मागे उभं राहून हात वर करणाऱ्यांना नको, आदल्या दिवशी घरोघर फिरून यादी करा आणि कुपन द्या. आणि किट घेताना फोटो काढणं बंद करा हो, कालपर्यंत स्वतःचं घर चालवणारी माणसं आहेत ती.

तात्पुरत्या निवाऱ्यात मानवी मदतीची स्फिअर मानकं मापाला उपयोगी पडतात: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे निदान १ संडास, झोपायला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. पहिल्याच दिवशी एवढं जमत नाही, पण किती कमी पडतंय हे आकड्यात सांगता आलं की वरच्यांकडे मागायला जोर येतो. बायकांचे संडास वेगळे, आतून कडी, वाटेवर दिवा. सॅनिटरी पॅड आणि ते टाकायला झाकणाचा डबा. बाळांसाठी दुधाची पावडर सरसकट वाटू नका, स्वच्छ पाणी आणि उकळलेली बाटली नसताना तीच आजाराचं कारण होते. पाजणाऱ्या आईला आडोसा आणि पोटभर जेवण मिळेल एवढं बघा, पावडर ज्यांना खरंच लागते त्यांना डॉक्टर-नर्स ठरवून देतील.

स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर तिथे जाऊन पाहुणे होऊ नका. आपलं जेवण-पाणी, आपली झोपायची सोय, आपले गमबूट. आधीपासून काम करणाऱ्या गटाकडे नाव नोंदवा, जोडीने काम करा, संध्याकाळी मोजदाद झाल्याशिवाय गाडी हलवू नका. जेसीबी आला की सगळे त्याच्याभोवती जमतात पण घराच्या आतलं काम शेवटी हातानेच होतं. आणि समोरचा बोलायला लागला तर फावडं बाजूला ठेवून ऐका, "जीव वाचला ना, मग झालं" असं म्हणू नका. मुलं परत अंथरूण ओलं करतात, पाऊस आला की बिलगतात, मोठ्यांना झोप लागत नाही, हे सुरुवातीला होतंच आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. महिनाभराने पण उठवत नसेल, दारू वाढली असेल, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलत असेल तर समुपदेशकाकडे, डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा.

पुढच्या वेळची तयारी, आत्ताच

भिंत धुण्याआधी ती पाण्याची रेघ पक्क्या रंगाने एका कोपऱ्यात कायमची मारून ठेवा, तारीख घाला. तुमच्या घरापुरतं याहून उपयोगी माप कुठल्याच नकाशात नाही. नवीन वायरिंग करताना सॉकेट, मीटर, इन्व्हर्टर त्या रेघेच्या वर, वॉशिंग मशीन-फ्रीज ओट्यावर, कपाटाच्या खालच्या खणात काय ठेवायचं तर जे भिजलं तरी चालेल ते. अर्थात पुढचा पूर त्याहून मोठा येऊ शकतो, त्यामुळे शक्य तेवढं मार्जिन ठेवा.

एक पिशवी तयार ठेवा, पाठीवर घेता येईल अशी. कागदपत्रं दोन प्लास्टिक पिशव्यांत आणि त्यांचे फोटो फोनच्या बाहेर कुठेतरी, आठवडाभराची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चष्म्याचा जुना नंबर का होईना पण जादा चष्मा, बॅटरी, पॉवर बँक, शिट्टी, थोडी रोख सुट्ट्या नोटांत, कारण वीज गेली की ऑनलाइन पेमेंट पण जातं. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा, फोन बंद पडला की कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो. घरात थांबायची वेळ आली तर पाणी माणशी दिवसाला ४ लिटर धरून ३ दिवसांचं, म्हणजे चार जणांना जवळपास ५० लिटर, आणि न शिजवता खाता येईल असं काहीतरी.

निघायचं कधी हे कोरड्यात बसून ठरवा. "अमुक पुलाला पाणी लागलं की म्हातारी माणसं आणि मुलं हलवायची, अमुक खुणेला आलं की सगळे" असं घरात ठरलेलं असलं की ऐन वेळी वाद होत नाहीत, नाहीतर "मागच्या वेळी एवढं आलं नव्हतं" यावर दोन तास जातात आणि रस्ता बंद होतो. कुत्रं-मांजर, गुरं यांचं पण ठरवा, आणि नेता आलं नाही तर दावं सोडून तरी निघा. जाताना मेन स्विच आणि गॅस बंद, रिकाम्या टाक्या बांधून किंवा भरून, संडासच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून, कारण मैलापाणी उलटं तिथूनच वर येतं. दारात वाळूची पोती लावताना खाली प्लास्टिक अंथरा, पोत्यांनी पाणी थांबत नाही पण आत यायचा वेग कमी होतो. फोन लागत नसेल तर एसएमएस करा, नेटवर्क भरलेलं असताना कॉलपेक्षा मेसेज जायची शक्यता जास्त.

गल्लीतल्या दोनदोन घरांच्या जोड्या लावा, निघताना जोडीदार घराचं दार वाजवल्याशिवाय जायचं नाही एवढाच नियम. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना, व्हीलचेअरवरच्या माणसाला कोण उचलणार हे नावानिशी ठरवा, "कुणीतरी नेईल" यात कुणीच नेत नाही. पिशवीतल्या औषधांची तारीख आणि बॅटरीचे सेल पावसाळ्याआधी आणि मग सहा महिन्यांनी परत तपासा, आणि त्याच दिवशी जोडीदार घराला फोन करून त्यांचा नंबर बदलला नाही ना तेही विचारून घ्या.